माझेच लेख सोडवून घ्यायला ३३१ डॉलर

३३१ डॉलर. आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे लपवाछपवी नको. ३९ ‘तपासणी’चे, ८५ ‘नोंदणी प्रमाणपत्रा’चे आणि २०७ लेख हटवण्याचे, एका लेखाला ९ प्रमाणे २३ लेखांचे. बँकेने चलनबदलाचे कापले ते वेगळेच.

लेख उचलणाऱ्या साइट कशा चालतात हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. फीडमधून, म्हणजे साइटवरचे नवे लेख वाचकांकडे आपोआप पाठवणाऱ्या यादीतून, मजकूर खेचायचा, लेखकाच्या नावाच्या जागी ‘अ‍ॅडमिन’ टाकायचं, भोवती जाहिराती. मलाही ठाऊक होतं. पण मी चोराकडून फसलोच नाही, फसलो ते चोर पकडून देतो म्हणणाऱ्याकडून.

४ मार्चच्या रात्री मेल आली. तुमचे २३ लेख अमुक साइटवर बिननावाने छापले जात आहेत, ही यादी, आम्ही लेखकांसाठी नोटिसा पाठवतो. यादी उघडली आणि डोकं फिरलं. त्यातल्या एका लेखावर मी तीन आठवडे घालवले होते. तो जसाच्या तसा होता, ‘मागच्या लेखात मी म्हटलं होतं’ हे वाक्यसुद्धा. ते वाक्य आता अ‍ॅडमिन म्हणत होता!

आता ती जागा सांगतो, जी आठवली की अजून झोप उडते. यादीतले एकवीस पत्ते उघडले. दोन उघडले नाहीत, ‘पान सापडले नाही’. मला वाटलं, हे लोक कामाला लागलेसुद्धा, दोन तर उडवलेही! ६ मार्चला सहज पुन्हा दाबून पाहिलं तर दोन्ही पानं हजर, आणि वर तारीख ६ मार्च. म्हणजे जे पान दोन दिवसांनी जन्माला येणार होतं, त्याचा पत्ता यांना आधीच माहीत होता. मी विचारलंही. उत्तर आलं, ‘सर्व्हरच्या वेळेत फरक असतो.’ दोन दिवसांचा फरक! पृथ्वीवर कुठल्याही दोन गावांच्या घड्याळांत एवढा फरक नसतो, हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. पण रागावलेल्या माणसाला आपल्या बाजूचा कुणीतरी हवा असतो, आणि तेव्हा तेच एक होते.

प्रमाणपत्राचं तर बोलायलाच नको. ‘नोंदणीशिवाय नोटीस ग्राह्य धरत नाहीत,’ म्हणाले. साफ खोटं. कॉपीराइटचा आंतरराष्ट्रीय बर्न करार १८८६ चा आहे. लेखनावरचा हक्क लिहिल्याक्षणी मिळतो, त्यासाठी कुठल्याही शिक्क्याची अट घालता येत नाही. आपलं नाव लावून घेण्याचा हक्कसुद्धा १९२८ पासून त्याच करारात आहे. अमेरिकेत दावा लावायचा असेल तर तिथल्या कृतींना आधी नोंदणी लागते. नोटीस पाठवायला लागत नाही, तिथेही नाही. आणि मला मिळालं काय, तर सोनेरी किनारीची एक पीडीएफ.

पैसे भरले आणि एका रात्रीत २३ च्या २३ लेख गायब. मी दोघा मित्रांना त्यांचं नाव सुचवलं, हे लिहितानाही लाज वाटते. अकराव्या दिवशी तेच लेख दुसऱ्या साइटवर, आणि मागोमाग मेल: वर्षभराचं संरक्षण, ६४० डॉलर. तेव्हा कुठे मी जे पहिल्या रात्री करायला हवं होतं ते केलं. डोमेनची नोंद काढली. मालकाचं नाव झाकलेलं, ते हल्ली असतंच, पण नोंदणीची तारीख सहसा दिसते. ही नवी साइट आणि या ‘संरक्षकांची’ साइट एकाच दिवशी नोंदलेल्या. मग दोन्ही पानांचा सोर्स, म्हणजे पानामागचा कोड, उघडला. वाचकसंख्या मोजण्याचा ट्रॅकिंग कोड दोन्हीकडे एकच, शेवटच्या आकड्यापर्यंत.

हे सगळं घेऊन बँकेत गेलो. ‘सेवा मिळाली ना? लेख हटले होते ना? प्रमाणपत्र आलं ना?’ तिन्ही प्रश्नांना हो म्हणावं लागलं. विषय संपला. सायबर तक्रारीच्या अर्जात फसवणुकीचे प्रकार निवडायचे होते. त्यात लेखन नव्हतंच, म्हणून ‘इतर’. फोनवरच्या साहेबांनी विचारलं, ‘लेख चोरीला गेला म्हणता, मग तुमच्याकडे आता नाही का?’ आहे म्हटलं. ‘मग गेलं काय?’ मी म्हणालो, ‘नाव.’ पलीकडे टायपिंग थांबलं. पुढे त्यांनी मला दुसऱ्या कक्षाचा नंबर दिला, त्या कक्षाने पहिल्याचाच दिला. डोमेन विकणाऱ्या कंपनीने कळवलं की मजकूर आमच्याकडे नाही. वाचक आणि साइटचा सर्व्हर यांच्या मधल्या प्रॉक्सीवाल्याने कळवलं की आम्ही फक्त वाहतूक पुढे पाठवतो. यातलं प्रत्येक उत्तर आपापल्या जागी खरं होतं, संताप त्याचाच येतो. प्रॉक्सीवाल्याने निदान खऱ्या होस्टचं, म्हणजे ज्याच्या सर्व्हरवर साइट ठेवलेली असते त्या कंपनीचं, नाव तरी दिलं. ते मात्र जरूर मागून घ्या.

कारण नोटीस होस्टला जाते. चोराला लिहू नका, तो वाचत नाही. अमेरिकेच्या १९९८ च्या डीएमसीए या कॉपीराइट कायद्यातली नोटीस म्हणजे एक पानाचं पत्र: तुमचा मूळ लेख कुठे, चोरलेलं पान नेमकं कोणतं, तुमचा संपर्क, हा वापर परवानगीविना आहे असं प्रामाणिकपणे वाटतं हे विधान, माहिती अचूक असल्याचं विधान, हक्कदार तुम्हीच किंवा त्याच्या वतीने लिहिणारे असल्याचं, खोटं निघाल्यास शपथभंग मान्य करून केलेलं विधान, सही. फी शून्य. मी ज्याला २०७ डॉलर मोजले ते हेच, आणि त्यांनी तर तेही पाठवलं नव्हतं. स्वतःचीच पानं स्वतः उडवली. गूगलच्या निकालांतून पान काढायचा फॉर्मही फुकट आहे, फक्त अशा विनंत्या ल्यूमेन नावाच्या संग्रहात जाहीर होतात. शिवाय समोरच्याने उलट नोटीस दिली तर १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत तुम्हाला दावा लावावा लागतो, नाहीतर पान परत येतं. तुमचं पत्र त्याच्या हाती पडू शकतं, तेव्हा त्यावर घरचा पत्ता लिहिण्याआधी विचार करा.

माझ्या पत्रावर नऊ दिवसांत १५ पानं गेली. आठ राहिली, कारण त्या आठ लेखांत मी नंतर दुरुस्त्या केल्या होत्या आणि माझ्या पानावर दुरुस्तीचीच तारीख दिसत होती. चोरांनी मागची तारीख टाकलेली. कागदोपत्री मीच नक्कल करणारा! आता लेख टाकला की त्याच मिनिटाला इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये साठवतो, तिथे तारखेसकट प्रत राहते. आणि फीडमध्ये पूर्ण लेख देणं बंद करा, चार ओळी पुरे. पूर्ण लेख देत होतो ते वाचकांच्या सोयीसाठी, आळसापोटी नाही, एवढं तरी माझ्या बाजूने लिहू द्या.

आठपैकी पाच लेखांतली चित्रं ते थेट माझ्या सर्व्हरवरून दाखवत होते. मी माझ्याकडच्या चित्रांची नावं बदलली आणि जुन्या नावांनी एक पांढरी पाटी चढवली: ‘हा लेख चोरलेला आहे.’ सकाळी त्यांच्या पानावर, जाहिरातींच्या मधोमध, पाचही ठिकाणी पाटी. संध्याकाळपर्यंत पाचही लेख गेले.

तीन लेखांत चित्रंच नाहीत. ते अजून आहेत. एकाखाली कुणीतरी लिहिलंय, ‘अ‍ॅडमिन सर, तुमची शैली फार आवडली.’ मी खाली उत्तर लिहिलं. ते अजून ‘मंजुरीच्या प्रतीक्षेत’ आहे.