‘पर्यावरणपूरक’ कपाटाच्या खरेदीत झालेली फसवणूक

घरातली मोठी वस्तू पुष्कळ वर्षे टिकावी आणि तिच्यासाठी बेसुमार जंगलतोड झालेली नसावी, असा विचार करून आता बरीच कुटुंबे खरेदी करतात. याच विचाराचा फायदा उठवून एका फर्निचर विक्रेत्याने आम्हाला फसवले. इतरांनी वेळीच सावध व्हावे, म्हणून हा प्रकार सविस्तर लिहीत आहे.

आम्हाला कपड्यांचे मोठे कपाट हवे होते. विक्रेत्याच्या माहितीपत्रकात त्याचे वर्णन ‘अस्सल लाकूड, प्रमाणित जंगलातील, रसायनमुक्त’ असे होते. शिवाय आमचे जुने कपाट बदल्यात घेऊन, ते दुरुस्त करून एखाद्या गरजू कुटुंबाला देण्याचे आश्वासनही होते. जुने कपाट भरीव लाकडाचे होते. त्याच्या बिजागऱ्या सैल झाल्या होत्या आणि पॉलिश उडाले होते, एवढेच. ते कोणाच्या तरी उपयोगी पडेल, हे ऐकूनच आमचा निर्णय पक्का झाला.

नवे कपाट आले त्या खोक्यावर झाडाचे चिन्ह आणि एफएससी ही अक्षरे ठळक छापलेली होती. एफएससी म्हणजे फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिल, ही १९९३ मध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय संस्था आहे. जंगलांची जबाबदारीने निगा राखण्याचे निकष ती ठरवते आणि स्वतंत्र तपासणी संस्था त्या निकषांनुसार प्रमाणपत्रे देतात. माल पोहोचवणाऱ्यांनी त्या चिन्हावर बोट ठेवून ‘हे पाहा प्रमाणपत्र’ असे सांगितले आणि त्याच गाडीतून आमचे जुने कपाट नेले.

काही महिन्यांतच नव्या कपाटाचे दार खाली झुकू लागले. सुताराने बिजागरीचे स्क्रू काढले, तेव्हा भोकातून पिठासारखा बारीक तपकिरी भुसा गळला. लाकडाचा धागा असा कुठेही दिसला नाही. त्याने दाराची खालची, कोणाच्या नजरेस न पडणारी कड दाखवली. दर्शनी भागावर लाकडाच्या सुंदर रेषा होत्या, पण त्या कडेवर येताच थांबत होत्या. भरीव लाकडात पृष्ठभागावरील रेषा फळीच्या टोकाकडील वर्षवलयांशी जुळतात. इथे मिलिमीटरभरही जाड नसलेला लाकडी पापुद्रा, म्हणजे व्हिनियर, आणि त्याखाली एमडीएफ, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू राळेने चिकटवून, दाबून बनवलेला बोर्ड, होते. कपाट जड होते म्हणून आम्हाला शंका आली नव्हती. पण एमडीएफचे वजन घनमीटरला साधारण ७०० ते ८०० किलो भरते आणि कित्येक जातींचे लाकूड त्याहून हलके असते. त्यामुळे वजनावरून काहीच ठरवता येत नाही.

एमडीएफ मुळातच वाईट असते, असे माझे म्हणणे नाही. ते लाकडाच्या तंतूंपासून बनते, त्यात लाकूडकामातून उरलेले तुकडे वापरता येतात आणि प्रमाणित एमडीएफही बाजारात मिळते. मात्र साधे एमडीएफ पाण्याने फुगते, त्यात एकदा सैल झालेला स्क्रू पुन्हा घट्ट बसणे अवघड असते आणि त्यातले तंतू चिकटवण्यासाठी बहुतेक वेळा युरिया-फॉर्मल्डिहाइड राळ वापरतात. फॉर्मल्डिहाइडमुळे माणसाला कर्करोग होऊ शकतो, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये काढला. त्याचे उत्सर्जन कमी असलेले बोर्डही बनवले जातात. पण ‘रसायनमुक्त’ हा शब्द अशा कपाटाला लावणे धडधडीत खोटे आहे.

त्यानंतर आम्ही खोक्यावरचे चिन्ह बारकाईने वाचले. एफएससीच्या चिन्हाजवळ ‘सी’ हे अक्षर आणि सहा अंक असा परवाना क्रमांक असतो. तो संस्थेच्या खुल्या यादीत शोधला की परवाना कोणाचा आहे, हे कळते. आमच्या खोक्यावरचा क्रमांक निघाला पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्याचा. चिन्हाखाली बारीक अक्षरांत ‘पॅकेजिंग’ असेही छापलेले होते. म्हणजे प्रमाणपत्र खरे होते, पण ते पुठ्ठ्याचे होते, कपाटाचे नव्हते! या सगळ्या प्रकारातली ही सर्वांत धूर्त चाल आहे, कारण चिन्ह बनावट नसल्यामुळे वरवरच्या तपासणीत काहीच सापडत नाही.

विक्रेत्याला जाब विचारला, तेव्हा ‘एमडीएफसुद्धा लाकडापासूनच बनते, त्यामुळे वर्णन चुकीचे नाही’ असे उत्तर मिळाले. बिलावर फक्त ‘कपाट, १ नग’ एवढेच लिहिलेले होते. लाकूड, प्रमाणपत्र यांचा उल्लेखच नव्हता. सुदैवाने माहितीपत्रक, कडेची छायाचित्रे आणि सुताराचा लेखी अभिप्राय आमच्याकडे होता. ते सारे जोडून रीतसर तक्रार केल्यावर पैसे परत मिळाले. जुने कपाट मात्र मिळाले नाही, आणि ते कोणाला दिले, याचे उत्तरही मिळाले नाही. पैशांपेक्षा याचे दुःख मला अधिक आहे, कारण किरकोळ दुरुस्तीनंतर अनेक वर्षे चालली असती अशी वस्तू ‘पुनर्वापरा’च्या नावाखाली घरातून गेली.

मोठी खरेदी करणाऱ्यांनी वस्तू नेमकी कशाची आहे, हे प्रत्येक भागासह बिलावरच लिहून घ्यावे. चौकट भरीव लाकडाची आणि पाठ, कप्पे बोर्डाचे, असेही सर्रास असते. ‘हरित’, ‘पर्यावरणस्नेही’ अशा मोघम शब्दांवर विसंबू नये. उत्पादकांच्या स्वयंघोषित दाव्यांसाठीचे आयएसओ १४०२१ हे आंतरराष्ट्रीय मानकसुद्धा असे मोघम दावे करू नयेत, असेच सांगते. चिन्ह वस्तूवर आहे की तिच्या वेष्टनावर, हे पाहून परवाना क्रमांक पैसे देण्यापूर्वी तपासावा. जुनी वस्तू बदल्यात देणार असाल, तर ती कोणत्या संस्थेकडे किंवा दुरुस्ती केंद्राकडे जाणार, त्याचे नाव आणि पोच देण्याची हमी आधी लेखी मागावी. ती मिळेपर्यंत वस्तू गाडीत चढवू देऊ नये.