सोळाशे मुलांची सरकारी शाळा: ओपन इव्हनिंगला काय दाखवतात आणि काय विचारून घ्यावं लागतं

आधी निकाल सांगून टाकते. शाळा चांगली आहे आणि मुलीच्या फॉर्मवर ती पहिल्या नंबरला जाणार. पण ज्या कारणांसाठी जाणार, त्यातलं एकही कारण ओपन इव्हनिंगला, म्हणजे प्रवेशाआधी पालकांना शाळा दाखवायच्या त्या संध्याकाळी, स्टेजवरून कोणी सांगितलं नाही. ते वर्गावर्गात उभ्या असलेल्या शिक्षकांना आणि पोरांना खोदून विचारावं लागलं.

शाळेचं नाव देत नाही. खाली तक्रारीही आहेत आणि पोरगी कदाचित तिथेच सात वर्षं काढणार आहे. एवढं सांगते की ती लंडनच्या पश्चिमेला, एम-४ च्या पट्ट्यात आहे, जिथे आपली आयटीवाली मंडळी खच्चून भरली आहेत. सोळाशेच्या आसपास मुलं, इयर ७ ला (माध्यमिकचं पहिलं वर्ष, अकरा वर्षांची मुलं) नऊ तुकड्या, वर सिक्स्थ फॉर्म, म्हणजे आपली अकरावी-बारावी. सरकारीच, पण अकॅडमी. म्हणजे काउन्सिलऐवजी ट्रस्ट चालवतो आणि पैसा थेट केंद्र सरकारकडून येतो. फी शून्य. डिपेंडंट व्हिसावरच्या मुलांनाही शून्यच. नवीन आलेल्यांपैकी कोणी ना कोणी हे सारखं विचारत असतं, म्हणून लिहिलं.

आपल्या लोकांत माध्यमिक शाळेचा विषय निघाला की गाडी थेट ग्रामरवर, म्हणजे प्रवेशपरीक्षा घेणाऱ्या सरकारी शाळांवर, जाते. अख्ख्या इंग्लंडमध्ये १६३ ग्रामर शाळा उरल्या आहेत; सरकारी माध्यमिक शाळा एकूण तीन हजारांहून जास्त. तरी बोलणं असं की इलेव्हन प्लस, म्हणजे ती प्रवेशपरीक्षा, निघाली नाही तर पोराचं वाटोळं. आमच्या मुलीला आम्ही त्या परीक्षेला बसवलं नाही, त्यामुळे ही शाळा आमच्यासाठी ‘नाहीतर मग’ नव्हती. हा रिव्ह्यू त्या नजरेने वाचा.

तर तमाशा. ओपन इव्हनिंगला तो असतोच. सायन्स लॅबमध्ये बर्नरवर हिरव्या-जांभळ्या ज्वाळा, शेजारच्या टेबलावर डुकराचं हृदय आणि ग्लोव्हज घालून ते उघडून दाखवणारा इयर १० चा मुलगा. माझी मुलगी नाक दाबून पण डोळे फाडून बघत होती. फूड टेकच्या खोलीत फुकट कपकेक, तिथे आईबापांचीच गर्दी. ड्रामा हॉलमध्ये धुराचं मशीन. हे सगळं छान आहे, पण रोजच्या तासाला यातलं काय असतं, हे केमिस्ट्रीच्या बाईंना विचारलं तर त्या प्रामाणिकपणे हसल्या. तीस मुलांच्या वर्गात प्रयोग होतात, पण हृदय वर्षातून एकदा.

खरी चीज म्हणजे गाइड म्हणून दिलेली मुलं. आम्हाला इयर ८ ची एक चुणचुणीत मुलगी मिळाली. ब्लेझरच्या बाह्या अजून बोटांपर्यंत येत होत्या, म्हणजे आईने पुढच्या दोन वर्षांचा हिशेब करून घेतलेला. ते बघूनच मला ती आवडली. तिला मी जेवणाच्या रांगेबद्दल विचारलं. म्हणाली, पहिले काही आठवडे इयर ७ ला पाच मिनिटं आधी सोडतात, मग नाही. आणि उशिरा पोचलात तर पनीनी संपलेलं असतं, नुसता पास्ता उरतो. शाकाहारी काय मिळतं? ‘चीज पनीनी, मिस. आणि पास्ता.’ डबा नेता येतो, बहुतेक आपली मुलं नेतात असंही तिनेच सांगितलं. मग टॉयलेटबद्दल विचारलं. तास चालू असताना टॉयलेटला कुलूप असतं, पास मिळाला तरच उघडतात, आणि पास द्यायचा की नाही हे त्या तासाच्या शिक्षकाच्या मूडवर. अकरा-बारा वर्षांच्या मुली असलेल्या शाळेत हा नियम ज्यांनी केला त्यांना एकदा त्या वयाच्या मुलीच्या आईसमोर बसवायला हवं. हेडटीचरना विचारलं तर ‘तोडफोड आणि व्हेपिंगमुळे’ असं उत्तर मिळालं. पाचपैकी एक तारा माझ्याकडून इथेच कटला.

हेडटीचरचं भाषण पाऊण तासाचं. आमच्याकडे विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी स्वतंत्र समन्वयक आहे. आमच्याकडे करिअर मार्गदर्शन आहे. कॅन्टीनला बोटाचा ठसा वापरतो, पण तुमची लेखी परवानगी घेतल्याशिवाय नाही. टाळ्या. बाई, हे सगळं प्रत्येक सरकारी शाळेला करावंच लागतं. ठशासाठी पालकांची लेखी परवानगी तर २०१२ च्या कायद्यानेच सक्तीची आहे. हॉटेलने मेनूकार्डवर ‘आमच्याकडे नळाला पाणी येतं’ असं छापावं, तसला प्रकार. गुळगुळीत माहितीपुस्तिकेतही निम्मी पानं याच मालाची. माझा सल्ला असा की पुस्तिका घरी आणून पेन घेऊन बसा आणि जे कायद्यानेच द्यावं लागतं ते खोडून टाका. उरेल ती शाळा.

उरलं ते मात्र भरघोस आहे, आणि ते शाळेच्या आकारामुळेच आहे. फ्रेंच, स्पॅनिश आणि जर्मन, तिन्ही भाषा जीसीएसईपर्यंत, म्हणजे सोळाव्या वर्षीच्या बोर्डाच्या परीक्षेपर्यंत. कॉम्प्युटर सायन्स, इंजिनिअरिंगकडे झुकणारं डिझाइन, म्युझिक, ड्रामा, सोशिऑलॉजी. छोट्या शाळेत एका विषयाला आठच मुलं आली की तो वर्ग बंद पडतो. इथे नऊ तुकड्यांतून कुठल्याही विषयाला वर्गभर मुलं निघतात. वर्कशॉपमध्ये लेझर कटर होता, आणि तो शोभेचा नव्हता. शेजारच्या पेटीत मुलांनी कापून बिघडवलेल्या तुकड्यांचा ढीग होता. इतर कुठल्याही पाटीपेक्षा मला तो ढीग जास्त पटला.

आता आपल्या पालकांच्या जिव्हाळ्याचा विषय, सायन्स. जीसीएसईला दोन रस्ते असतात. कंबाइन्ड सायन्समध्ये फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी तिन्ही शिकतात पण मिळतात दोन जीसीएसई. ट्रिपलमध्ये तिन्हींचे वेगवेगळे तीन. विचारायचा प्रश्न ‘ट्रिपल आहे का’ हा नाही, तो सगळे ‘हो’ म्हणतात. प्रश्न असा: जो मागेल त्याला मिळतं, की फक्त वरच्या सेटना, म्हणजे हुशारीनुसार पाडलेल्या गटांतल्या वरच्यांना? इथे इयर ९ च्या शेवटी चाचण्यांवरून ठरवतात. सायन्सच्या प्रमुखांनी आडपडदा न ठेवता सांगितलं की काठावरच्या मुलाचे पालक येऊन बोलले तर विचार होतो. म्हणजे न बोलणाऱ्यांचं पोर कंबाइन्डला जातं. कंबाइन्ड करूनही पुढे ए-लेव्हलला (सिक्स्थ फॉर्मच्या परीक्षेला) सायन्स घेता येतं, आकाश कोसळत नाही, पण ही गोष्ट माहीत तरी असावी ना.

गणिताचंही तेच. जीसीएसईला ९ ते १ ग्रेड, ९ सगळ्यात वरची. पेपर दोन पातळ्यांचे. फाउंडेशनला बसलेल्या मुलाला कितीही हुशारी दाखवली तरी ५ च्या वर ग्रेड मिळूच शकत नाही. म्हणून सेट कधी पाडतात आणि त्यातून वरखाली कधी करतात, हे मी दोन वेगवेगळ्या शिक्षकांना विचारलं. दोघांचं उत्तर एकच आलं: इयर ७ च्या पहिल्या टर्मनंतर सेट, आणि प्रत्येक टर्मच्या शेवटी फेरविचार. उत्तर काय आहे त्यापेक्षा दोघांचं जुळलं याचं मला जास्त बरं वाटलं. मग विचारलं की गणित शिकवणारे सगळे गणिताचेच पदवीधर आहेत का. तिथे जरा चुळबुळ झाली. गणित आणि फिजिक्सचे शिक्षक मिळत नाहीत ही देशभरची रड आहे, पण वर्षभरात बदली शिक्षकांवर किती तास गेले हे सांगायला हरकत नव्हती. नाही सांगितलं.

भाषांच्या खोलीत एक मजेशीर माहिती मिळाली. घरी दुसरी भाषा बोलणाऱ्या मुलांना, शाळेत ती शिकवत नसले तरी, शाळा तिच्या जीसीएसईला बसवते. गुजराती, बंगाली, पंजाबी, उर्दू, सगळ्यांचं जीसीएसई आहे. मराठीचं नाही. शेजारचे पटेलभाई खूश, एक ग्रेड घरबसल्या. आपण शनिवारच्या मराठी शाळेत मुलांना जोडाक्षरं घोटवायची, ती निव्वळ हौसेने.

निकालांचा फलक पाहिलात तर एक लक्षात ठेवा. शाळा पारखायला टक्केवारीपेक्षा प्रोग्रेस ८ हा आकडा उपयोगी: प्राथमिकच्या शेवटी मूल कुठे होतं आणि आठ विषयांच्या जीसीएसईत कुठे पोचलं, याची देशभरातल्या तशाच मुलांशी तुलना. शून्य म्हणजे सरासरी, अधिक म्हणजे चांगलं. पण २०२० आणि २०२१ मध्ये कोविडमुळे इयर ६ च्या परीक्षाच झाल्या नाहीत, म्हणून २०२५ आणि २०२६ च्या जीसीएसई निकालांसाठी हा आकडा निघतच नाही. फलकावर दिमाखात लावलेला प्रोग्रेस ८ जुन्या बॅचचा होता. वर्ष बारीक अक्षरात. गेटवरचा ऑफस्टेडचा (शाळा तपासणाऱ्या सरकारी संस्थेचा) ‘गुड’ लिहिलेला बॅनरही तसाच. सरकारी शाळांना असा एका शब्दाचा एकूण शेरा देणं सप्टेंबर २०२४ मध्ये बंद झालं, आणि नोव्हेंबर २०२५ पासून मुद्द्यांनुसार रिपोर्ट कार्ड सुरू झालं. बॅनरकडे बघू नका, रिपोर्ट उघडून वर्तणूक आणि हजेरीचा भाग वाचा.

माझी सगळ्यात मोठी शंका मात्र वेगळी होती. सोळाशे मुलांत माझ्या जरा बुजऱ्या मुलीला नावाने ओळखणार कोण? रोज सकाळी वीस मिनिटं फॉर्म ट्यूटर, म्हणजे वर्गशिक्षक, त्यावर अख्ख्या इयरचा प्रमुख म्हणजे हेड ऑफ इयर, अशी रचना आहे. हेड ऑफ इयर मुलांबरोबर पुढच्या वर्गात सरकतात की दरवर्षी नवीन? इथे सरकतात, पाचही वर्षं तीच व्यक्ती. हे पुस्तिकेत पान १ वर हवं होतं, आणि कुठेच नव्हतं! उलट फॉर्म ट्यूटरशी बोलायचं तर ‘ॲपवर मेसेज टाका, दोन दिवसांत उत्तर येईल’. आमच्या ओळखीतल्या एका मुलाच्या आईला, याच शाळेत, आठवड्याने आलं. पोराला कोणीतरी बसमध्ये त्रास देत होतं आणि ही बाई रोज ॲप उघडून बघत बसलेली. शेवटी रिसेप्शनवर जाऊन उभी राहिली तेव्हा त्याच दिवशी काम झालं. इतक्या मोठ्या शाळेत सगळं आहे, पण मागायला तोंड लागतं. ज्यांना इंग्रजीत भांडायचा संकोच वाटतो त्यांनी हे आधीच धरून चालावं.

शिस्त कडक. फोन दिसला की जप्त. शाळा सुटल्यावर थांबवून ठेवायला पालकांची संमती लागत नाही, तेव्हा ‘माझ्या मुलाला डिटेन्शन का’ म्हणून तणतणत जाण्यात अर्थ नाही. हजेरीचं तर विचारूच नका. दहा शालेय आठवड्यांत पाच दिवस विनापरवानगी बुडाले की दंडाची पाळी येते: प्रत्येक पालकाला, प्रत्येक मुलामागे ८० पौंड, २१ दिवसांत भरला नाही तर १६०. दोन मुलं आणि दोघं आईवडील म्हणजे ३२० पौंड. गणपतीला गावी जायचं स्वप्न इयर ७ पासून विसरा. वर्ष सप्टेंबरातच सुरू होतं. दिवाळीचा सणाचा दिवस आधी कळवला तर धार्मिक रजेत बसतो, एवढाच दिलासा.

पैशाचं थोडक्यात. शिक्षण फुकट, पण लोगोचा ब्लेझर, टाय आणि पीई किट एकाच दुकानातून घ्यावं लागतं आणि तिथे किंमत बघून घाम फुटतो. पालक संघटनेच्या टेबलावर जुने ब्लेझर चांगल्या स्थितीत होते, पहिल्या अर्ध्या तासात संपले. वाद्याची वैयक्तिक शिकवणी वेगळे पैसे देऊन. ड्यूक ऑफ एडिनबरा या तरुणांसाठीच्या पुरस्कार-उपक्रमाचं ब्राँझ इयर ९ पासून, त्यात तंबूत एक रात्र, त्याचेही पैसे. शाळेच्या वेळातल्या सहलींसाठी मागतात ती ऐच्छिक वर्गणी असते, न दिल्यास तुमच्या मुलाला मागे ठेवता येत नाही.

प्रवेशाबद्दल शेवटचं. माझ्या मागच्या रांगेतल्या एका बाबांनी विचारलं, पहिली पसंती दिली तर चान्स वाढतो का? नाही. तुम्ही शाळेला कितव्या नंबरवर टाकलंय हे जागा देताना विचारात घेताच येत नाही. शाळा आपले निकष लावते, आणि एकाहून जास्त ठिकाणी जागा मिळत असेल तर काउन्सिल तुमच्या यादीतली सगळ्यात वरची देतं. म्हणून जी खरोखर हवी तीच वर लिहा, आणि यादीत एखादी हमखास मिळणारी ठेवाच. लंडनमध्ये सहा शाळा लिहिता येतात, इतरत्र किमान तीन. मुदत ३१ ऑक्टोबर, उत्तर १ मार्चला. निकष प्रत्येक शाळेचे थोडे वेगळे. इथे काउन्सिलच्या देखभालीखालची मुलं आधी, मग भावंडं, मग घरापासूनचं सरळ रेषेतलं अंतर. गूगल मॅपवरचं चालायचं अंतर मोजून खूश किंवा दुःखी होऊ नका. गेल्या वर्षी शेवटची जागा किती अंतरावर गेली तो आकडा काउन्सिलच्या पुस्तिकेत असतो, आमचं घर त्याच्या बरंच आत येतं. जे काठावर आहेत त्यांनी १ मार्चला नाव आलं नाही तर वेटिंग लिस्ट सोडू नये. ती निदान ३१ डिसेंबरपर्यंत चालू ठेवावी लागते, आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात खाजगी शाळेत गेलेल्यांच्या जागा इथे हमखास रिकाम्या होतात, असं ऑफिसातल्या बाईंनी हळूच सांगितलं.