पेलाभर टोमॅटोचा रस, चमचाभर ऑलिव्ह तेल

पॅकबंद टोमॅटोचा रस आणि एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल ही दोन्ही उत्पादने मी बरेच दिवस वापरत आहे. दोन्ही हृदयाला हितकारक म्हणून विकली जात असल्यामुळे त्यांची पोषणमूल्ये शेजारी ठेवून पाहण्याचा मोह झाला. प्रत्येकी 100 ग्रॅमचे आकडे घेतले, तर रसात सुमारे 17 आणि तेलात सुमारे 884 किलोकॅलरी असतात. तुलना इथेच थांबवली, तर तेलावर अन्याय होतो, कारण 100 ग्रॅम तेल कोणी एका वेळी पीत नाही. म्हणून मी एक पेला रस, म्हणजे साधारण 240 मिलिलिटर, आणि एक मोठा चमचा तेल, म्हणजे साधारण 13.5 ग्रॅम, असे माप धरले. तरीही चमचाभर तेलातून मिळणारी सुमारे 120 किलोकॅलरी ऊर्जा रसाच्या तीन पेल्यांइतकी भरते, हे ध्यानात ठेवलेले बरे.

रसात सुमारे 94 टक्के पाणीच असते. उरलेल्या भागात थोडी नैसर्गिक साखर, क जीवनसत्त्व, फोलेट आणि पेल्यामागे 500 मिलिग्रॅमहून अधिक पोटॅशियम असते. तंतुमय पदार्थ मात्र नगण्य असल्याने रस हा अख्ख्या टोमॅटोचा पर्याय ठरत नाही. त्याचे खरे वैशिष्ट्य म्हणजे लायकोपीन हे लाल रंगद्रव्य. रस तयार करताना दिलेल्या उष्णतेमुळे टोमॅटोच्या पेशीभित्तिका फुटतात आणि लायकोपीन कच्च्या फळापेक्षा अधिक सहज शोषले जाते; प्रक्रिया केलेला पदार्थ ताज्यापेक्षा सरस ठरण्याचे हे दुर्मीळ उदाहरण आहे.

तेलात प्रथिने, साखर आणि क जीवनसत्त्व यांपैकी काहीही नसते. ते निव्वळ स्निग्ध पदार्थ असून त्यात सुमारे 73 टक्के एकअसंपृक्त, म्हणजे मुख्यतः ओलेइक, मेदाम्ले असतात आणि संपृक्त मेदाम्ले सुमारे 14 टक्के असतात. एका चमच्यातून ई जीवनसत्त्व जवळजवळ 2 मिलिग्रॅम आणि थोडे के जीवनसत्त्व मिळते. ताज्या एक्स्ट्रा व्हर्जिन तेलाचा घोट घेतल्यावर घशात जी झणझणीत चुरचुर जाणवते, तिला ओलिओकँथल हे संयुग कारणीभूत असते. पहिल्यांदा ती जाणवली तेव्हा मी तेल खवट निघाले असे समजलो होतो. प्रत्यक्षात ती चांगल्या तेलाची खूण आहे. शुद्धीकरण केलेल्या, सौम्य चवीच्या ऑलिव्ह तेलात अशी संयुगे फारच कमी उरतात, त्यामुळे मेदाम्लांचे आकडे सारखे दिसले, तरी मी दोन्हींना एकाच तोलाचे मानत नाही.

या दोन पदार्थांत निवड करण्यापेक्षा ते एकत्र घेण्यात अधिक अर्थ आहे. लायकोपीन स्निग्ध पदार्थात विरघळते आणि रसात स्निग्धांश जवळजवळ नसतो. त्यामुळे कोमट रसात चमचाभर तेल घालून त्याचे सार केल्यास लायकोपीनचे शोषण वाढते. तवंगामुळे ते दिसायला फारसे आकर्षक नसते, पण चव उत्तम लागते.

माझी खरी तक्रार रसाबद्दल आहे, आणि तीही मिठाबद्दल. मीठ घातलेल्या रसाच्या एका पेल्यात सोडियम 600 मिलिग्रॅमच्या आसपास जाऊ शकते, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने दिवसभरात 2000 मिलिग्रॅमहून कमी सोडियम घ्यावे. बिनमिठाच्या रसात हेच प्रमाण पेल्यामागे साधारण 25 मिलिग्रॅम असते. त्यामुळे बिनमिठाच्या रसाची मी निःशंक शिफारस करतो, खारट रसाची नाही. मूत्रपिंडाच्या विकारामुळे पोटॅशियमवर निर्बंध असलेल्यांनी मात्र बिनमिठाचा रसही डॉक्टरांना विचारूनच घ्यावा.

तेलाच्या बाबतीत माझा आग्रह एवढाच, की बाटली गडद काचेची असावी. प्रकाशामुळे तेलाचे ऑक्सिडीकरण होते आणि ज्या संयुगांसाठी आपण ते निवडले, तीच घटत जातात. पारदर्शक बाटलीत आकर्षक दिसणारे तेल मी आता घेत नाही.