अडकलेला सांधा: गरम पाणी की हेअर ड्रायर?

सहा इंची अ‍ॅक्शन फिगर, म्हणजे हलत्या सांध्यांची खेळण्यातली बाहुली, नवीकोरी असूनही गुडघा वळत नाही, याचं कारण बहुतेकदा रंग. तो सांध्यातली खिळी आणि ती जिच्यात फिरते त्या खोबणीच्या मधे झिरपून वाळतो. अशा वेळी जोर लावला की खिळी पिळवटून तुटते. पारदर्शक प्लास्टिकची तर हमखास, कारण ती ठिसूळ असते.

गरम पाणी उष्णता सगळीकडून सारखी देतं. उकळी आली की गॅस बंद करून दोन मिनिटं थांबा, मग फक्त अडकलेला भाग ३० ते ४५ सेकंद बुडवा. पीव्हीसी या मऊ प्लास्टिकची खोबणी सैल पडते, आतली एबीएस या टणक प्लास्टिकची खिळी मात्र कडक राहते. सांधा फिरवा, सक्तीने नको, हळूहळू मागेपुढे. वाकलेली तलवार सरळ करायलाही हाच उपाय. सरळ धरून लगेच बर्फाच्या पाण्यात घाला, नाहीतर ती पुन्हा वाकते. अडचण एकच: पोकळ धडात पाणी साचतं, लोखंडी स्क्रू गंजतात.

कापडी केप, स्टिकर किंवा दिवे असलेल्या फिगरला ड्रायरच हवा. १५ सेंटीमीटरवरून, सतत हलवत, अर्धा मिनिट. एकाच जागी धरलात तर बोटांसारखे बारीक भाग आधी मऊ होऊन वाकतात आणि जाड खांदा तसाच राहतो.

साध्या फिगरला आम्ही पाणीच सुचवू. सांधा सुटल्यावर सिलिकॉन तेलाचा एक थेंब. खनिज तेल नको, त्याने प्लास्टिक खराब होऊ शकतं.