तिन्ही ओरिजिनल बीएल कपाटात, हळद मात्र गेली

मार्केट यार्डात आमचा भुसाराचा गाळा अण्णांच्या वेळचा. एक्स्पोर्टमध्ये मी चार वर्षांपूर्वी उतरलो. आयईसी (आयात-निर्यातीचा परवाना क्रमांक) काढला, स्पायसेस बोर्डाची नोंदणी केली, दोन दिवसांचा एक कोर्सही केला. तिथे एक वाक्य घोकून घेतलं होतं: बिल ऑफ लेडिंगच्या (बीएल, म्हणजे जहाजावर चढवलेल्या मालाची पावती, जी दाखवून पलीकडे माल सोडवतात) तिन्ही ओरिजिनल प्रती तुमच्या हातात आहेत, तोवर माल तुमचा. माझे १८ लाख याच वाक्यावर गेले.

दुबईची पार्टी आधीची होती. दोन छोट्या ऑर्डरी, पैसे माल निघण्याआधीच जमा. तिसऱ्या वेळी मोठी ऑर्डर आली, सांगलीची राजापुरी हळकुंडं, ५० किलोची ३०० पोती, साडेबावीस लाखांचा माल. २० टक्के आगाऊ, बाकीचे बीएलची स्कॅन प्रत मिळाल्यावर, आणि पैसे आले की मी ओरिजिनल कुरिअर करायचे. फक्त या वेळी म्हणाले, "एफओबी करा, भाडं आम्ही भरतो, फॉरवर्डरही आमचाच." एफओबी म्हणजे माल जहाजावर चढवेपर्यंतचा खर्च माझा, पुढचं भाडं पार्टीचं; फॉरवर्डर म्हणजे जहाजावर जागा ठरवून माल पाठवणारा मध्यस्थ. मला तर बरंच वाटलं. भाड्याची कटकट गेली! जाळं नेमकं तिथेच होतं.

कस्टमचं काम आमच्या नेहमीच्या सीएचएने, म्हणजे कस्टम एजंटने, केलं. शिपिंग बिल (कस्टमकडचा निर्यातीचा कागद), फायटो (माल कीड-रोगमुक्त असल्याचा दाखला), फ्युमिगेशन (धुरी), सगळं चोख. कंटेनर न्हावा शेवाहून सुटला आणि फॉरवर्डरचा पोरगा स्वतः गाळ्यावर येऊन बीएल देऊन गेला. जाड कागद, कोपऱ्यात जहाजाच्या नांगराचं चित्र, 'टू ऑर्डर' (म्हणजे मी ओरिजिनलवर सही करून देईन त्यालाच माल) लिहिलेलं, तीन प्रती. मी त्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवल्या. अण्णांनी विचारलं, "पैसे आले का?" म्हटलं, "कागद आपल्याकडे आहेत, काळजी नको."

मग पार्टीची कारणं सुरू झाली. आधी बँकेला सुट्टी, मग सही करणारा गावाला, मग स्विफ्टची, म्हणजे परदेशातून पैसे पाठवल्याच्या बँक संदेशाची, एक पीडीएफ. आमच्या बँकेने बघितलं तर त्या संदर्भाचा काही पत्ताच नाही. तरीही मी निवांत. कागद होते ना!

विसाव्या दिवशी सीएचएला सहज फोन केला. तो म्हणाला, "दादा, कंटेनर नंबर टाकून बघितलात का?" शिपिंग लाइनच्या साइटवर चार अक्षरं, सात आकडे टाकले. उतरवला, गेटबाहेर गेला, आणि शेवटच्या ओळीत 'एम्प्टी रिटर्न्ड'. म्हणजे आमची हळद काढून घेऊन रिकामा डबा परत करूनही नऊ दिवस झाले होते. मी उठून कपाट उघडलं. तिन्ही प्रती जागच्या जागी.

"तुमचा बीएल हाऊस आहे," सीएचए म्हणाला. "मास्टर कुठाय?"

हा शब्द मी कोर्सात ऐकला असेन, पण कळला तेव्हा. माझ्या हातातला बीएल फॉरवर्डरने स्वतः छापलेला. शिपिंग लाइनने दिलेला खरा, म्हणजे मास्टर, त्यावर माल पाठवणारा फॉरवर्डर आणि घेणारा त्याचाच दुबईतला एजंट. लाइनच्या लेखी मी कोणीच नव्हतो. एजंटने मास्टरवर डिलिव्हरी घेतली आणि माझा ओरिजिनल न मागताच माल पार्टीला देऊन टाकला. कागद बँकेमार्फत पाठवले असते तरी याच बीएलवर तेच झालं असतं, हे बँकेतल्या मॅडमनीच कबूल केलं.

वकील म्हणाले, कायदा तुमच्या बाजूने आहे, ओरिजिनल न घेता माल सोडला तर फॉरवर्डर जबाबदार. पण नोटीस बजावायला गेलेल्या माणसाला ऑफिसला कुलूप दिसलं. असे बीएल काढणाऱ्याची नोंदणी १९९३ च्या मल्टिमोडल कायद्याखाली डीजी शिपिंगकडे, म्हणजे केंद्राच्या जहाजवाहतूक महासंचालनालयाकडे, असावी लागते. ती शोधली, नव्हतीच. हे बघायला मला दहा मिनिटं लागली असती, पण मी बघितलं पैसे बुडाल्यावर.

आता पार्टी कितीही गोड बोलू दे, फॉरवर्डर माझा. एफओबीचाच हट्ट असेल तर बीएल थेट शिपिंग लाइनचा, माल पाठवणारा म्हणून माझं नाव आणि 'टू ऑर्डर'. बीएल हातात आला की आधी खाली सही कोणाची आणि कोणाच्या वतीने, ते वाचतो. कंटेनर नंबर रोज टाकतो. नव्या पार्टीसाठी ईसीजीसीकडे (निर्यातीच्या पैशांचा विमा देणारी सरकारी कंपनी) चौकशी करून कव्हर घेतो. या ऑर्डरला हप्ता वाचवायचा म्हणून घेतलं नव्हतं.

पोलिसांत अर्ज दिलाय, दुबईतल्या आपल्या वाणिज्य दूतावासाला आणि डीजीएफटीलाही (केंद्राचं परदेश व्यापार महासंचालनालय) लिहिलंय. त्या शिपिंग बिलापुढे पैसे जमा नाहीत, म्हणून बँकेच्या यादीत ते अजून उघडंच दिसतं. दर महिन्याला मेल येतो, "रक्कम कधी अपेक्षित?" मी अर्जाची पोच जोडून पाठवतो. पुढच्या महिन्यात तोच मेल पुन्हा येतो.