बचत गटाला काय द्यावं: पैसे, गाळा की काम?

ग्रामपंचायतीत निवडून आलात की पहिल्याच महिन्यात बचत गटाच्या बायका दारात येतात, ‘आमच्यासाठी काहीतरी करा’ म्हणून. आपल्या बेळगाव-खानापूर-निपाणी पट्ट्यात देण्यासारखं तीन प्रकारचं असतं.

एकरकमी मदत सगळ्यांना आवडते. ठराव पटकन होतो, फोटोही निघतो. अशाच मदतीतलं एक शिलाई मशीन मी बघितलंय. वर जुनं लुगडं पांघरलेलं, त्यावर वाळत घातलेले सांडगे. मशीन धडधाकट होतं, शिवायला कापड देणारं कोणी नव्हतं.

पंचायतीचा गाळा त्यापेक्षा बरा, पण बसस्टँडजवळ असेल तरच. भाडं माफ केलं म्हणून गिऱ्हाईक येत नाही.

माझं मत तिसऱ्याला, म्हणजे कायमच्या कामाला. कर्नाटकात बऱ्याच पंचायतींनी कचऱ्याचं काम महिला संघांच्या ओक्कूटाकडे, म्हणजे गटांच्या महासंघाकडे, करार करून सोपवलंय. काही ठिकाणी गाडीही बायकाच चालवतात. पुण्यात कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने २००८ साली महापालिकेशी करार केला. तिथे सभासदांची मुख्य कमाई घरोघरच्या शुल्कातून होते. खेड्यात ते जड जातं. रोज पाणी भरायला सोबत असणाऱ्या शेजारणीकडे कचऱ्याचे पैसे मागायचे कसे? म्हणून इथे मेहनतान्याचा भार पंचायतीनेच उचलावा. शिवाय १५व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी ग्रामीण स्थानिक संस्थांच्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखून ठेवला होता. लोणच्या-पापडासाठी असा हक्काचा पैसा कुठून आणणार?

पण गट नवा असेल, हिशेबाची वहीच धड नसेल, तर हे काम त्याच्या गळ्यात मारू नका. आधी आठवडी बाजारात हक्काची जागा द्या आणि सहा महिने बघा.

काम देणार असाल तर बिलाची तारीख करारातच घाला. डिझेल रोज लागतं. बिल तीन महिने अडकलं की बायका सोनं गहाण ठेवतात. आणि करार कन्नडमध्ये असतो. बायकांना पीडीओंसमोर, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांसमोर, बसवून कोणाकडून तरी तो मराठीत मोठ्याने वाचून घ्या, मगच सह्या होऊ द्या. गाडीचा टायर फुटला तर खर्च कोणाचा, ती ओळ दोनदा.