सेंट मिरनची जुनी जर्सी : घ्यावी का?

ग्लासगोतल्या एका जुन्या कपड्यांच्या दुकानातून सेंट मिरन या स्कॉटिश फुटबॉल क्लबची काळी-पांढरी पट्ट्यांची जर्सी घेतली. क्लब पेझ्लीचा, आपल्या कोयरीला इंग्रजीत याच गावाचं नाव आहे. कापड अजून दणकट, पण पाठीवरच्या ‘मॅकगिन’मधली दोन अक्षरं पहिल्याच धुण्यात सोलवटली. दुकानदार म्हणाला, "जुनाच माल ना!" घ्या आता.

तरी परत केली नाही. फुटबॉलपटू जॉन मॅकगिन याच क्लबात घडला. मार्च 2013 मध्ये सेंट मिरनने हार्ट्सला 3-2 हरवून लीग कप जिंकला, तेव्हा तो अवघा 18 वर्षांचा. 2015 मध्ये हिब्स म्हणजे एडिनबराच्या हिबर्नियन क्लबकडे गेला आणि पुढच्याच वर्षी त्यांनी 1902 नंतर पहिल्यांदा स्कॉटिश कप उचलला. नंतर तो ज्या इंग्लिश क्लबात गेला, त्या ॲस्टन व्हिलाची जर्सी कुठेही मिळते हो!

कपड्याला चार तारे, छपाईला एक. उलटी करून, गार पाण्यात हातानेच धुवा.